घाट उतरल्यावर डिस्क तपासताना

पसरणी घाट उतरून वाई जवळ आली की सुट्टीच्या दिवसांत कडेला एखादी गाडी हमखास उभी दिसते. पुढच्या चाकांतून जळका, उग्र वास येत असतो, कधी पातळ धूरही, आणि कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन चाकापाशी वाकलेलं असतं. ती बाटली आधी बाजूला ठेवा. घाटात ब्रेकच्या डिस्कचं, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीचं, जे नुकसान झालं नसेल, ते या बाटलीने होऊ शकतं. डिस्क बिडाची असते. तापलेल्या बिडावर एकाच बाजूने गार पाणी पडलं की तेवढाच भाग झटकन आकसतो, बाकीचा फुगलेलाच राहतो, आणि त्या ओढाताणीत पृष्ठभागाला तडे जातात. घाट उतरल्या उतरल्या गाडी थेट वॉशिंगला लावणं हाही तोच प्रकार.

दुसरी चूक याहून जास्त होते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. गाडी थांबवून लोक ब्रेकवर पाय दाबून बसतात, किंवा हँडब्रेक खेचून उतरतात. तापलेला पॅड, म्हणजे डिस्कला चिमटणारी पट्टी, तापलेल्या डिस्कवर एकाच जागी दाबून धरला की पॅडचा मसाला (घासला जाणारा थर) तिथे चिकटतो. पॅडच्या आकाराचा काळसर छाप उमटतो. महिनाभराने त्याच गाडीचं स्टेअरिंग ब्रेक मारताना थरथरू लागतं आणि दोष डिस्क ‘वाकल्या’चा निघतो. म्हणून सपाट जागा बघा, पहिल्या गिअरमध्ये इंजिन बंद करा, चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि ब्रेक पूर्ण सोडा. ऑटोमॅटिक असेल तर पार्किंगमध्ये टाका, तरीही दगड लावाच. पेडल व्यवस्थित लागत असेल तर लगेच थांबण्यापेक्षा वाईतून सुरूरच्या रस्त्याला तीन-चार किलोमीटर चाळीसच्या वेगाने, शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवणं उत्तम. वाऱ्याने डिस्क चहूबाजूंनी सारखी गार होते. पेडल मऊ झालं असेल तर मात्र एक मीटरही पुढे जाऊ नका.

पेडल मऊ आणि पेडल टणक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेडल नेहमीसारखं टणक लागतं पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. गार झाल्यावर ती बरीचशी परत येते. पेडल स्पंजासारखं दबत खाली जातं, तेव्हा कॅलिपरमधलं (पॅड दाबणाऱ्या भागातलं) ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झालेली असते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही. हे दुसरं जास्त धोक्याचं. थोड्या वेळाने पेडल वर आलं तरी ऑइल बदलल्याशिवाय ती गाडी पुन्हा घाटात नेऊ नये.

इतकी उष्णता येते कुठून, याचा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. माणसं आणि सामान धरून 1300 किलोची गाडी घ्या. पाचगणी ते वाई उंचीतला फरक ढोबळ 550 मीटर. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना सुमारे 70 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. घरातलं साधं 22 लिटर पाणी उकळीला आणायला लागते तितकी. आता गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आणि सगळं ब्रेकवर ढकललं, तर पुढच्या पाच-पाच किलोच्या दोन डिस्कवर बहुतेक भार येतो. सगळी उष्णता त्यांच्यातच राहिली आणि वाऱ्याने काहीच गार झालं नाही असं धरलं, तर त्या दोन्ही 1400-1500 अंशांच्या घरात जातील, आणि बीड 1200 अंशांच्या आसपासच वितळतं. प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता नेतो, मागचे ब्रेक आणि टायर थोडा वाटा उचलतात, म्हणून डिस्क वितळत नाही. पण खाली उतरताना गिअर का सोडू नये ते यावरून कळतं. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन यातला मोठा हिस्सा फुकटात उचलतं.

वारा हाच खरा थंडावा असल्यामुळे वेग कमी असला तरी ब्रेक सतत दाबून धरला तर डिस्क तापतेच, हे ऐकायला उलटं वाटेल. सप्टेंबरमध्ये कासची फुलं बघून परतताना यवतेश्वराच्या उतारावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा नेमकं हेच होतं. वेग दहाचा, ब्रेक सतत अर्धवट दाबलेला, आणि डिस्कला वारा नाही. अशा वेळी पाय ठेवून राहण्यापेक्षा पुढच्या गाडीशी अंतर वाढू द्यायचं, मग एकदा नीट दाबून वेग कमी करायचा आणि ब्रेक पूर्ण सोडायचा. मधल्या वेळात डिस्क श्वास घेते. आंबेनळी आणि कुंभार्ली घाट तर सरळ कोकणात उतरतात. आंबेनळीत उंचीतला फरक पसरणीपेक्षा कितीतरी जास्त, तिथे ही सवय नसेल तर चांगले पॅडही पुरत नाहीत.

आता तपासणी. डिस्क हाताला गार लागेपर्यंत, म्हणजे निदान तासभर थांबा. बोट लावून बघू नका, तळहात दोन इंचांवर धरला तरी धग कळते. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर घाट उतरल्यावर लगेच एकदा मोजा, पण डिस्कच्या चकचकीत भागावर नेम धरू नका. चकाकणारा धातू त्या यंत्राला खऱ्यापेक्षा बराच गार दिसतो. डिस्कची बाहेरची गंजट कड किंवा मधला निस्तेज भाग धरा. आकडा किती आला यापेक्षा डाव्या-उजव्यात फरक किती आहे तो महत्त्वाचा. दोन्ही सारख्या तापल्या असतील तर चालवण्याची पद्धत बघायची. एकच बाजू खूप जास्त तापली असेल तर त्या चाकात बिघाड आहे, आणि तो शोधल्याशिवाय नवी डिस्क टाकली तरी ती पुढच्या घाटात जळणार.

चाक न काढता, अलॉय चाकाच्या फटीतून बघून कुणी ‘डिस्क ठीक आहे’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका. फटीतून फक्त बाहेरची बाजू दिसते. आतल्या बाजूला वारा कमी पोचतो, पॅड ढकलणारा पिस्टनही बहुतेक गाड्यांत तिकडेच असतो, आणि तडे, चरे, पॅडचा झिजून संपलेला मसाला हे बरेचदा तिथेच सापडतं. सपाट जागी गाडी घ्या, चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करा, मग जॅक लावा आणि जॅकखेरीज स्टँडही लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही. कॅलिपर खोलला तर तो रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा.

आधी रंग बघा. फिकट सोनेरी किंवा गवताच्या रंगाची झाक म्हणजे साधारण सव्वादोनशे-अडीचशे अंश, निळी-जांभळी म्हणजे तीनशेच्या आसपास. हा रंग पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ थराचा असतो. सगळीकडे सारखा निळसर रंग आला म्हणून डिस्क बाद होत नाही, ती तापली होती एवढंच तो सांगतो. थोड्या दिवसांच्या साध्या वापरात तो घासून जातोही. काळजी करायची ती ठिपक्यांची. बाकी डिस्क स्वच्छ आणि मधूनच रुपयाएवढे गडद निळे-काळे डाग गोलाकार रांगेत दिसले, तर त्या जागा बाकीच्यापेक्षा फार जास्त तापल्या आहेत. बीड 700 अंशांच्या पुढे जाऊन झपाट्याने गार झालं की त्या जागी त्याची घडणच बदलते आणि अत्यंत कठीण गाठ तयार होते. ही गाठ आजूबाजूच्या बिडापेक्षा कमी झिजते, म्हणून हळूहळू वर येते, वर आली की पॅडवर तीच घासते, आणखी तापते, आणखी मोठी होते. एकदा सुरू झालेलं हे चक्र आपोआप थांबत नाही.

मग तडे. ब्रेक क्लीनरने डिस्क पुसा, चांगला टॉर्च घ्या आणि प्रकाश तिरपा टाका. सरळ प्रकाशात केसासारखे तडे दिसत नाहीत. उष्णतेचे बारीक तडे केंद्राकडून कडेकडे जातात, उन्हाळ्यात शेतजमीन भेगाळते तसं जाळं दिसतं. नख आडवं फिरवा. नख अडकत असेल, तडा बाहेरच्या कडेपर्यंत पोचला असेल, भोकं असलेल्या डिस्कमध्ये एका भोकातून दुसऱ्याकडे गेला असेल, किंवा मधल्या टोपीसारख्या भागाच्या वळणावर असेल, तर ती डिस्क तिथेच बाद. यात ‘अजून थोडे दिवस चालवू’ नाही. तडा गेलेली डिस्क एका जोरदार ब्रेकला तुटू शकते, आणि तिचा तुकडा कॅलिपरमध्ये अडकला तर चाक जागीच जाम होतं. पुढच्या डिस्क बहुधा पोकळ असतात, दोन थरांमध्ये हवेसाठी फटी असतात. त्या फटींतही टॉर्च मारा. पावसाळ्यातल्या चिखलाने किंवा गंजाच्या पापुद्र्यांनी त्या बुजल्या असतील तर डिस्क तापण्याचं निम्मं कारण तिथेच आहे.

यानंतर मोजमाप, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. डिस्कच्या टोपीवर किंवा कडेला किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. गंज घासून काढला की दिसतो. समजा नवी जाडी 22 मिलिमीटर आणि किमान 20, तर त्या डिस्कचं सगळं आयुष्य दोन मिलिमीटरचं. जाडी कमी झाली की उष्णता साठवायला बीडही कमी उरतं, त्यामुळे झिजलेली डिस्क त्याच घाटात जास्त तापते. मोजायचं मायक्रोमीटरने, म्हणजे स्क्रूने चिमटून शतांश मिलिमीटर मोजणाऱ्या यंत्राने. साध्या व्हर्निअरचा जबडा कडेच्या न झिजलेल्या गंजट काठावर टेकतो आणि जाडी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. व्हर्निअरच असेल तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना झिजलेल्या भागावर एकेक सारखं नाणं धरून मोजा आणि त्यातून दोन नाण्यांची जाडी वजा करा. किमान जाडी ठरवायला एवढं पुरतं.

थरथर शोधायला मात्र मायक्रोमीटरच लागतो. कडेपासून दहा-पंधरा मिलिमीटर आत, गोल फिरवत आठ ठिकाणी जाडी घ्या आणि आकडे खडूने डिस्कवरच लिहा. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या आकड्यातला फरक शतांश मिलिमीटरच्या आसपास असावा. दोन शतांशांपर्यंत गेला की पेडलमध्ये ठोके जाणवू लागतात. माणसाचा केस याच्या तिपटीने तरी जाड असतो, म्हणजे डोळ्यांनी हे दिसणं शक्य नाही. नंतर डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं यंत्र, लावून डिस्क आडवी किती हलते ते बघा. चाक काढलेलं असल्यामुळे डिस्क सगळ्या नटांनी, वॉशर घालून, हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, नीट कसलेली हवी, नाहीतर खोटा आकडा येतो. बहुतेक कारसाठी 0.05 ते 0.10 मिलिमीटर ही मर्यादा असते, नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा.

आकडा जास्त आला तर लगेच डिस्कला दोष देऊ नका. ती काढा, हबचा गंज तारेच्या ब्रशने घासा, डिस्कची आतली बाजूही साफ करा, आणि एक भोक पुढे सरकवून परत बसवून मोजा. हबवरचा गंजाचा एक पापुद्रा कडेला गेज चांगलाच हलवतो. तरीही जास्तच आलं तर हब किंवा बेअरिंग तपासा.

‘डिस्क वाकली, लेथवर मारून घेऊ’ हे वाक्य गॅरेजमध्ये फार सहज म्हटलं जातं. डिस्क खरोखर वाकणं तुलनेने दुर्मीळ आहे. बहुतेक वेळा पॅडचा मसाला असमान चिकटलेला असतो, किंवा हबवर तिरकी बसलेली डिस्क दर फेरीला पॅडला घासून एका जागी पातळ झालेली असते. नुसता ताजा छाप असेल तर 120 नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजू आडव्या-उभ्या घासून, पॅडचा तोंडाचा थर घासून आणि पुन्हा नीट रुळवून (कसं ते शेवटी) तो जातो. लेथचा, म्हणजे डिस्क फिरवून पृष्ठभाग तासणाऱ्या यंत्राचा, उपयोग आहे, पण अटी आहेत. प्रत्येक बाजूने 0.3 मिलिमीटर काढले तर जाडी 0.6 ने कमी होते. एवढं काढूनही किमान आकड्याच्या वर पुरेसं अंतर उरायला हवं, आणि काम दोन्ही चाकांवर सारखं व्हायला हवं. कठीण गाठी पडलेल्या डिस्कवर लेथ मारू नयेच. टूल त्या गाठीवरून उडी मारतं, गाठ खोलवर असते, आणि हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये ती पुन्हा डोकं वर काढते. ते पैसे नव्या डिस्कच्या जोडीत घालावेत. जोडीच टाकायची, एकच बाजू बदलली तर ब्रेकला गाडी एका अंगाला ओढते.

एकच बाजू तापली असेल तर चाक उचलून हाताने फिरवून बघा. किंचित घासल्याचा आवाज चालतो, फिरवायला जोर लागायला नको. जड असेल तर कॅलिपरचा ब्लीडर निपल (ऑइल-हवा बाहेर काढायचा स्क्रू) पाव फेरा सैल करा, खाली बाटली धरून. चाक लगेच मोकळं झालं तर दाब आत अडकून राहत होता, म्हणजे रबरी पाइप आतून फुगलाय किंवा पेडलकडचा मास्टर सिलिंडर ऑइल परत घेत नाही. निपल सोडूनही चाक जडच राहिलं तर पिस्टन किंवा कॅलिपर ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन अडकली आहे. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा जाडजूड, हे अडकलेल्या पिनचं ठळक लक्षण. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात पिनेचं रबर फाटलं की आत पाणी जातं आणि दिवाळीपर्यंत पिन गंजून बसते. पिन काढून साफ करून सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं बेअरिंगचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

पॅड काढलेले असतातच, तेव्हा तेही बघून घ्या. काचेसारखी चकाकी, कडेला राखाडी-पांढरी जळकी पट्टी, भुगा होऊन पडणारे कोपरे, मागच्या पत्र्यापासून सुटलेला मसाला, यातलं काहीही दिसलं तर नवे पॅड. मसाला तीन मिलिमीटरवर आला असेल तर जळलेला नसला तरी बदला. पिस्टनभोवतीचं धुळीचं रबर कडक किंवा चिरलेलं असेल तर कॅलिपर किट टाकायला लागेल. चाक फिरवताना घरघर येत असेल तर उष्णतेने बेअरिंगचं ग्रीस वितळून गेलेलं असू शकतं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरत जातो. डॉट 3 या दर्जाचं नवं ऑइल निदान 205 अंशांपर्यंत टिकतं, ओल धरल्यावर तो आकडा 140 पर्यंत येतो. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155. महाबळेश्वरच्या पावसाळी हवेत वावरणाऱ्या गाडीचं ऑइल दोन वर्षांनी बदलायलाच हवं, किलोमीटर कितीही कमी झालेले असोत. एकदा उकळलेलं तर लगेच.

मागे ड्रम असेल तर तोही उघडा. आतला निळा पट्टा, तडे, आणि लायनरवर (ड्रमला घासणाऱ्या पट्टीवर) चाकाच्या बेअरिंगमधून आलेलं ग्रीस बघायचं. ड्रमवर डिस्कच्या उलट कमाल व्यास कोरलेला असतो. 

दुचाकीच्या डिस्क चार-पाच मिलिमीटरच्याच असतात आणि किमान जाडी त्यांच्यावरही कोरलेली असते. तिथे अर्धा मिलिमीटर म्हणजे खूप. स्कूटरवाल्यांनी जास्त जपावं, कारण स्कूटरला गिअर नसल्याने इंजिनचा ब्रेक नावापुरताच मिळतो आणि वेग फार कमी झाला की क्लच सुटून तोही जातो. ठोसेघर किंवा कासहून दोघं बसून उतरताना मध्ये दोनदा दहा-दहा मिनिटं थांबणं हाच तिथला उपाय.

नवी डिस्क बसवण्याआधी तिच्यावरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा, नाहीतर पॅड पहिल्याच दिवशी तेल पितात. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत कसा. छोट्या कारला तो साधारण 85 ते 110 न्यूटन मीटर असतो. हवेच्या गनने एकेक नट जोरात ठोकला की चांगली डिस्कही तिरकी बसते. मग पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून पंधरापर्यंत, बेताच्या दाबाने, दहा वेळा ब्रेक लावा. प्रत्येक वेळी मध्ये अर्धा-पाऊण मिनिट गाडी पळू द्या आणि एकदाही पूर्ण थांबू नका. शेवटी पाच-सहा किलोमीटर ब्रेक न लावता चालवा. पॅडचा मसाला डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो तो याच अर्ध्या तासात.

पुढचा घाट उतरल्यावर डिस्कचा रंग पुन्हा बघा. दोन्ही सारख्या असतील तर काम नीट झालंय. पूर्वीचीच बाजू परत निळी दिसली तर कॅलिपर पुन्हा खोला.